सोडायची घरं

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शाळेच्या हॉलमधल्या नकाशावर शेवटची लाल टिकली लागली. ती कात्रीकाकांच्या सलूनवर लागली.

नकाशा टेबल-टेनिसच्या टेबलावर पसरला होता. जाळी काढून ठेवली होती, पण तिचे लोखंडी चिमटे गंजून घट्ट बसले होते, ते निघाले नाहीत. नकाशा अंथरल्यावर त्यातला एक चिमटा नेमका धक्क्याच्या जागी आला. धक्क्याच्या अलीकडे शाळा, दवाखाना, बेकरी आणि त्यांच्या मागची घरं. पलीकडे जुनी ओळ, आणि ओळीच्या अगदी टोकाला सलून. समुद्र दोन्हीकडे सारखाच आत येत होता. दगड मात्र एकाच बाजूच्या बांधाला पुरणार होता. बांध कुठे घालायचा आणि कोणती बाजू समुद्राला द्यायची, हे किनारा कार्यालयाने नाही, वस्तीने ठरवायचं, असा वरून लेखी आदेश होता. म्हणून प्रत्येक घराला तीन टिकल्या दिल्या होत्या, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत प्रश्न लावला होता: कोणती घरं सोडायची?

प्रश्न थोरलीने लिहिला होता.

थोरली म्हणजे कात्रीकाकांची थोरली मुलगी. किनारा कार्यालयात ती नियोजनाचं काम करत होती, तरी वस्तीत तिला कुणी हुद्द्याने ओळखत नसे. कात्रीकाकांची थोरली, एवढं पुरे होतं. कार्यालयाच्या मसुद्यात ‘संरक्षणाबाहेर ठेवावयाच्या मालमत्ता’ असे शब्द होते. असलं काही भिंतीवर लावलं तर लोक ओळ संपायच्या आत जांभया देतील, म्हणून तिने ते खोडलं. ‘पाडायची घरं’ लिहायला हात धजला नाही. ‘बुडवायची’ तर नाहीच नाही. ‘सोडायची’ हा शब्द सुचला तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. साधा शब्द, घरातला, कुणाला न टोचणारा.

आधी तिने अर्धा तास सगळं समजावून सांगितलंही होतं. पण तेव्हा हॉलमध्ये निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. लोक आपापली कामं आटोपून सवडीने आले, भिंतीवरचा प्रश्न वाचला, टिकल्या लावल्या.

“नकाशाला गोवर निघालाय,” बेकरीवाला म्हणाला.

“तुझ्या बेकरीला बरा नाही निघाला,” नर्सबाई म्हणाल्या.

“आमच्याकडे कोण बघतंय, बाई? पाव शिळा निघाला तरच लोकांना मी आठवतो.”

हशा पिकला. थोरली टेबलाच्या एका टोकाला उभी होती. जुनी ओळ समुद्राला द्यायची आणि वर हसायचं, हे माणसांना कसं जमतं, हे तिला कळेना. नर्सबाईंनी आपल्या तिन्ही टिकल्या एकाखाली एक सलूनवर लावल्या, हात झटकले आणि तिच्याकडे बघून चक्क डोळे मिचकावले. लहानपणी थोरली तापाने फणफणली होती तेव्हा याच बाई रात्रभर उशाशी बसल्या होत्या. थोरलीने मान फिरवली. चेहरा कोरा ठेवायचं तिला शिक्षण मिळालं होतं. ते त्या दिवशी कामी आलं.

निकाल उघड होता. मोजायचीही गरज नव्हती. सलून टिकल्यांखाली दिसेनासं झालं होतं.

---

संध्याकाळी ती सलूनकडे निघाली तेव्हा वाक्यं जुळवत निघाली. बाबा, एक सांगायचंय. बाबा, तसं अजून नक्की काही नाही. बाबा, धाकटीकडची खोली आहेच की. धाकटी बहीण आत, डोंगराच्या बाजूला राहत होती आणि दोन वर्षं बाबांसाठी एक खोली रिकामी ठेवून बसली होती. दर फोनला ती खोलीच्या खिडकीचं वर्णन करायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, खिडकीतून गिऱ्हाईक येतं का तेवढं विचार.

सलूनला चार पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. आत एकच खुर्ची, पाय दाबला की वर जाणारी, आणि भिंतभर एक आरसा. आरशाच्या कडांना समुद्राच्या हवेने काळी झाक आली होती, त्यामुळे त्यात बघणारा प्रत्येक जण फोटोच्या चौकटीत बसल्यासारखा दिसे. कात्रीकाका चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावत होते. वय सत्तरीच्या पुढे, पण हात अजून कापत नव्हता.

“कळलं मला,” तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. “सगळ्यांनी मला सोडलं.”

“बाबा, मनाला लावून घेऊ नका. त्यांचाही नाइलाज असेल.”

“नाइलाज कसला? मी कुणाकडे मागायला गेलो होतो का? आपण होऊन सोडलं. नर्सबाईंनी तिन्ही लावल्या. तिन्ही, कळतंय का तुला?”

ते वळले तेव्हा तिने पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला होता. आई गेल्यापासून तो असा दिसला नव्हता.

“रस्ता रुंद केला तेव्हा तू लहान होतीस,” ते म्हणाले. “असेच लोक आले होते, कोणती घरं सोडायची म्हणून विचारत. ज्यांच्या दारावर खूण झाली ती सोडली, बाकीच्यांवरून यंत्र फिरलं. आपल्या दारावर कुणी खूण केली नाही. पुढची पडवी गेली. मी बोललो नाही कुणाला, पण लागलं होतं. या वेळी लोकांनी लक्षात ठेवलं बघ.”

थोरली खुर्चीत बसली. पाय आपोआप दाबला गेला आणि खुर्ची थोडी वर गेली.

“बाबा, तुम्ही कुठे लावल्या? तुमच्या टिकल्या?”

“मी सगळ्यांच्या आधी येऊन गेलो. तू बाहेर कर्ण्याशी झटत होतीस. एक शाळेवर, एक दवाखान्यावर. आणि एक बेकरीवर. बडबड्या आहे, पण पाव चांगला करतो.”

“आपल्या दुकानावर नाही?”

“स्वतःच्या दारावर स्वतःच खूण करायची? बरं दिसतं का ते?”

कोपऱ्यात रंगाचा डबा होता, निळ्या रंगाचा, झाकण नुकतंच उघडलेलं. दाराला रंग द्यायचं ते कधीपासून पुढे ढकलत आले होते. समुद्र घेऊन जाणार असेल तर त्याला रंगवून कशाला द्यायचं, असं म्हणायचे.

“धाकटीला फोन करून सांगितलं,” ते म्हणाले. “म्हटलं, आता त्या खोलीत सामानसुमान टाक, मी काही येत नाही. बस जरा, केसांची टोकं सारखी करतो. झाडूसारखी झाली आहेत.”

“उद्या,” ती म्हणाली. तिला खुर्चीतून उतरायला वेळ लागला.

---

कार्यालयातल्या मॅडम थोरलीच्या वरिष्ठ. बोलायला कोरड्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सोडायची म्हणजे वाचवायची, असं किती जणांनी धरलं?”

“माहीत नाही. सगळ्यांनी नाही. पण बऱ्याच जणांनी.”

“आणि सोडायची म्हणजे टाकून द्यायची, असं किती जणांनी?”

“तेही माहीत नाही.”

“म्हणजे त्या नकाशाला काही अर्थ नाही.”

“नाही.”

“पुन्हा घ्यावं लागेल. तू समजावून सांगायचं. शब्द तुझा होता. आणि लोक बोलतील, तयारी ठेव. बापासाठी निकाल फिरवला म्हणतील.”

“फिरवला तर म्हणू देत.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं.

“फिरला तर,” थोरली म्हणाली. “फिरला तर, असं म्हणायचं होतं.”

“आणि नाही फिरला तर? त्याचा विचार केलास?” मॅडम म्हणाल्या. “आत्ता तुझे वडील सुखात आहेत. उद्या सगळं समजून उमजून लोकांनी तेच केलं, तर?”

मॅडमनी चष्मा परत घातला आणि त्या कामाचं बोलल्या. या वेळी टिकल्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. ज्याला लावायची त्याने नकाशावर लावावी, ज्याला नाही त्याने डब्यात टाकावी. एक जरी बाहेर राहिली तरी मोजणी बंद झाली असं लिहायचं नाही. मागच्या वेळचा घोळ पुन्हा नको.

---

बाबांना आधी एकट्याला सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. त्या सकाळी ती गेलीही. दार अर्धं निळं झालं होतं.

“हात लावू नकोस, ओलं आहे,” बाबा आतून म्हणाले.

खुर्चीत गिऱ्हाईक होतं, गालभर फेस, डोळे मिटलेले. बाबांचा अंगठा त्याच्या कानाखाली होता आणि वस्तरा गळ्यावर. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे दोन्ही मुली चालायला लागायच्या आधी शिकल्या होत्या.

“बाबा, हॉलवर या आज.”

“पुन्हा? झालं ना सगळं?”

“प्रश्न नीट लिहायचा राहिला होता.”

“तुझं अक्षर तर चांगलं आहे,” ते म्हणाले आणि वस्तऱ्यावरचा फेस कागदावर पुसला. गिऱ्हाईक उठेपर्यंत ती पायरीवर थांबली. मग दुसरं आलं. ती निघाली.

हॉल या वेळी सुरुवातीपासून भरला होता. भिंतीवर नवा कागद होता: कोणत्या घरांना बांध घालायचा नाही? ही घरं समुद्रात जातील. थोरलीने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. मग मागचा प्रश्न सांगितला, त्याचे दोन अर्थ सांगितले, आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. तिचा आवाज सरळ राहिला.

नर्सबाई हळूच खाली बसल्या. खुर्ची मागे आहे की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही. बेकरीवाल्याने ती धरली म्हणून बरं.

“म्हणजे मी तिन्ही,” नर्सबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

“आणि काकांनी एक माझ्यावर लावली होती,” बेकरीवाला म्हणाला. “मला वाटलं, प्रेमाने लावली.”

“प्रेमानेच लावली होती,” मागून आवाज आला.

कात्रीकाका दाराशी उभे होते. बोटांना निळा रंग होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं की अर्धंच, हे थोरलीला कळलं नाही.

“थोरले,” ते म्हणाले, “सोडायची म्हणजे काय, ते पुन्हा एकदा सांग. मला मागे नीट ऐकू आलं नाही.”

“त्या घरांना बांध नाही, बाबा. ती समुद्राला द्यायची.”

“मग तसं लिहायचं.”

“हो.”

“का नाही लिहिलंस?”

खरं उत्तर एवढंच होतं, की लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे सलूनचं दार आलं होतं. ते बोलून दाखवायची ती जागा नव्हती.

“सगळ्यांचीच चूक झाली, काका,” नर्सबाई म्हणाल्या. “आम्हाला काय माहीत? आम्ही तुम्हाला वाचवायलाच—”

“माझी चूक झाली नाही,” पोस्टमन म्हणाला.

पोस्टमन पहिल्या रांगेत होता. तो उठून उभा राहिला, पण कुणाकडे वळला नाही, नकाशाशी बोलल्यासारखा बोलला. “मी बरोबरच समजलो होतो. समुद्राला द्यायची, असंच. तरी मी काकांच्याच दुकानावर लावली. दुसरीकडे कुठे लावू? शाळेवर? माझं पोर तिथं बसतं. दवाखान्यावर? जुनी ओळ खोलगट आहे. तिथं बांध घातला तरी पाणी मागून येईल. सगळ्यांना माहीत आहे ते. मला एकट्यालाच दिसतं, असं कुणी म्हणू नये.”

“दर पंधरवड्याला येतोस तू माझ्याकडे,” कात्रीकाका म्हणाले. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखा आवाज होता.

“येतो.”

“टिकली लावल्यावरही आलास.”

“आलो. सांगायचंच होतं त्या दिवशी. पण तुमच्या हातात वस्तरा होता.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढून ते झाकलं. पोस्टमन खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. ते कान, त्यांच्यामागची मान, मानेवरचा तो उलटा भोवरा, सगळं कात्रीकाकांनी त्याच्या पहिलीच्या वयापासून सांभाळलं होतं.

मग थोरलीने टिकल्या वाटल्या. प्रत्येक घरामागे तीन, हातावर मोजून. बाबांच्या हातावर ठेवताना तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली. रंग अजून ओला होता, तिच्या नखाला लागला.

लोक एकेक करून टेबलाशी आले. या वेळी गोवराचा विनोद कुणी केला नाही. नर्सबाईंनी तिन्ही टिकल्या डब्यात टाकल्या आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेल्या. बेकरीवाल्याने दोन डब्यात टाकल्या. तिसरी हातात धरून तो नकाशाभोवती एक चक्कर मारून आला, आणि मग जुन्या ओळीच्या टोकाशी वाकला. सलूनवर नाही लावली, शेजारच्या बंद गोदामावर लावली. पण ओळ तीच. पुढचाही तिथेच वाकला. त्याच्या पुढचाही.

कात्रीकाका बाकावर बसून बघत होते. पन्नासेक वर्षं त्यांनी या सगळ्या माणसांना एकच गोष्ट सांगितली होती: मान खाली. शाळेतल्या पोरांना, नवरदेवांना, दंडाएवढ्या मानेच्या हमालांना. काही जण तीनदा सांगितल्याशिवाय ऐकायचे नाहीत. आज सगळे न सांगता मान खाली घालून त्यांच्यापुढून जात होते.

शेवटी ते उठले. लोकांनी वाट दिली. ते टेबलाशी गेले, वाकले, चष्मा वर केला, अलीकडची बाजू पाहिली, पलीकडची पाहिली. शाळेवर बोट ठेवलं आणि उचललं. मग त्यांनी तिन्ही टिकल्या सदऱ्याच्या खिशात कंगव्याशेजारी घातल्या आणि ते हॉलबाहेर गेले.

टिकल्यांचा डबा थोरलीच्या हातात होता. हाक मारायचं काम तिचं होतं. तिने हाक मारली नाही.

---

जुन्या ओळीवरच्या टिकल्या अलीकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कात्रीकाकांच्या तीन कुठेही लागल्या तरी त्यात फरक पडत नाही, हे नकाशा लांबून पाहणाऱ्यालाही कळतं. पण दिलेल्या टिकल्या आणि परत आलेल्या टिकल्या जुळत नाहीत, म्हणून मोजणी बंद होत नाही. ती बंद होत नाही म्हणून नकाशा पुढे जात नाही, आणि नकाशा गेल्याशिवाय दगड येत नाही. मॅडमचा फोन दर सोमवारी येतो.

“मागितल्यास का?”

“नाही अजून.”

“मी येऊन मागू?”

“नको. मी मागते.”

तिन्ही टिकल्या आरशाच्या उजव्या कोपऱ्यात आहेत. काकांनी त्या घरी आल्या आल्या तिथे चिकटवल्या असाव्यात. गिऱ्हाइकं पहिल्यासारखीच येतात. खुर्चीत बसतात, समोर लाल ठिपके बघतात, चादर गळ्याभोवती येते, मान खाली घालतात आणि दाढी-केस करून जातात. बेकरीच्या मागच्या भिंतीला आडवी चीर गेली आहे, आणि ती कुणाच्या तीन टिकल्यांसाठी थांबलेली नाही, हे बेकरीवाला बेकरीत बोलतो. सलूनमध्ये बोलत नाही. पोस्टमनचे केस मानेवर आले आहेत. तो पत्रं पायरीवर ठेवून जातो.

गेल्या आठवड्यात थोरली टिकल्या मागायला गेली. दार अर्धं निळं आणि अर्धं जुनं, तसंच होतं. रंगाच्या डब्यावर साय धरली होती.

“बस,” बाबा म्हणाले.

ती बसली. त्यांनी चादर झटकली, गळ्याशी बांधली, फवाऱ्याने केस ओले केले. आरशात तिला त्यांचे हात दिसत होते, तिचा स्वतःचा चेहरा, आणि कोपऱ्यात टिकल्या. हात लांबवला असता तर पोचला असता.

“मान खाली.”

तिने मान खाली घातली. कात्री चालू झाली. टोकं चादरीवर पडत राहिली. खाली कुठेतरी पाणी पायरीवर येऊन परत जात होतं, आणि दोन्ही आवाज काही वेळ एकत्र चालले.

“धाकटीच्या त्या खोलीत,” बाबा म्हणाले, “हा आरसा मावेल का?”

“मोजून बघावं लागेल.”

“बघ मग.”

“भिंतीवरून निघेल का पण?” ती म्हणाली. “अख्खा?”

कात्री क्षणभर थांबली. “ते मी नाही सांगू शकत,” ते म्हणाले. “मान हलवू नकोस.”

तिने त्या दिवशी टिकल्या मागितल्या नाहीत. धाकटीला फोन केला. धाकटीने भिंत मोजली. खिडकी तशीच ठेवली तर आरसा मावत नाही, खिडकी बुजवली तर मावतो. हे बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल दुपारच्या भरतीला सलूनच्या खालच्या दोन पायऱ्या पाण्याखाली होत्या. दुकान संध्याकाळपर्यंत उघडं होतं. टिकल्या आरशावरच आहेत, त्यातल्या एकीची कड दमटपणाने सुटली आहे. मोजणी बंद झालेली नाही.